कार्ड तापतं, आकडा दिसत नाही : लॅपटॉपमधल्या थर्मामीटरचा इतिहास

मंडळी, आज रस्ता नाही, टँकर नाही, ग्रामसभाही नाही. आज लॅपटॉपवर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्याच खिशाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्यात, त्यात जुने लॅपटॉप बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या लेखी म्हातारं. आता आपल्या मुळशी तालुक्याचं बघा. हिंजवडी आयटी पार्क आपल्याच तालुक्यात. कंपन्यांनी वापरून बाजूला काढलेले लॅपटॉप पुण्याच्या सेकंड हॅण्ड बाजारात जातात आणि तिथून पौड, पिरंगुट, भूगाव, माणच्या पोरांच्या हातात येतात. त्यावर लिनक्स टाकायचं, फुकट आहे आणि हलकं चालतं, हे आता कॉलेजच्या पोरांना सांगावं लागत नाही.

पण ज्यांच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, प्रोसेसरचं तापमान दिसतं, डिस्कचं दिसतं, ग्राफिक्स कार्डाचंच का दिसत नाही? सेन्सर गेला का?"

सेन्सर सहसा गेलेला नसतो. कार्डाच्या पोटात थर्मामीटर असतो, तो मोजत असतो आणि त्या आकड्यावरच कार्ड आपला वेग कमी-जास्त करत असतं. आकडा आहे. फक्त तुमच्यापर्यंत येत नाही.

हे पावसाळ्यात आपण अनुभवतोच. मुळशी धरण टाटा पॉवरचं. भिंतीपाशी पाण्याची पातळी मोजली जातेच. पण खालच्या गावाला पातळी किती, विसर्ग किती हे कळतं ते कुणीतरी सांगितल्यावर. मोजमाप असणं ही एक गोष्ट आणि ते मिळणं ही दुसरी. ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाचा सगळा इतिहास या दोन गोष्टींमधल्या अंतराचा आहे.

सुरुवात एका प्रिंटरपासून

१९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण प्रोग्रामर होता. तिथला जुना प्रिंटर वारंवार अडकायचा. स्टॉलमनने त्याच्या प्रोग्राममध्ये सुधारणा करून ठेवली होती. कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप यायचा आणि जो मोकळा असेल तो उठून कागद काढायचा. पुढे झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. तोही अडकायचा. पण याचा प्रोग्राम बंद पेटीत आला होता, आत काय लिहिलंय ते दिसत नव्हतं. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे मूळ प्रोग्राम होता. त्याने सांगितलं, मी करार केलाय, देता येणार नाही.

प्रिंटर अडकलाय हे प्रिंटरला माहीत होतं. माणसांना सांगायची सोय तेवढी काढून घेतली गेली होती. १९८३ मध्ये स्टॉलमनने 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा प्रिंटर होता असं त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल लिहिला आणि ही दोन कामं पुढे एकत्र आली.

थर्मामीटर वाचायची धडपड

नव्वदच्या दशकात संगणकाच्या मदरबोर्डवर तापमान, पंख्याचा वेग आणि व्होल्टेज मोजणाऱ्या छोट्या चिप येऊ लागल्या. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या 'एलएम७५', 'एलएम७८' या त्यातल्या गाजलेल्या. त्या वाचण्यासाठी काही हौशी मंडळींनी १९९८ च्या आसपास एक प्रकल्प उभा केला आणि चिपच्याच नावावरून त्याचं नाव ठेवलं 'एलएम-सेन्सर्स'. आज लिनक्सवर 'सेन्सर्स' ही कमांड दिली की जी यादी येते, ती या प्रकल्पाची देणगी.

काम जोखमीचं होतं. कोणत्या बोर्डावर कोणती चिप, कोणत्या पत्त्यावर, हे कंपन्या सांगतीलच असं नाही. मग अंधारात चाचपडल्यासारखं एकेक पत्ता ठोकून बघायचा. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपवर अशा चाचपणीत एका छोट्या मेमरी चिपमधली माहिती बिघडायची आणि लॅपटॉप पुन्हा सुरूच व्हायचा नाही. प्रकल्पाला ठळक इशारा छापावा लागला. तापमान बघायला गेलो आणि यंत्र गमावून बसलो, असं खरोखर घडलंय. माहिती लपली की तिची किंमत वापरणाराच मोजतो.

पुढे कर्नलमध्ये यासाठी एक ठरलेली जागा तयार झाली. हार्डवेअर मॉनिटरिंग, थोडक्यात 'एचडब्ल्यूमॉन'. प्रत्येक ड्रायव्हरने आपलं तापमान तिथे एका फाइलमध्ये ठेवायचं, अंशाच्या हजाराव्या भागात. फाइलमध्ये ६२००० दिसलं तर समजायचं ६२ अंश सेल्सिअस. इंटेलचा प्रोसेसर तिथे आकडा ठेवतो, एएमडीचा ठेवतो, हल्ली डिस्क आणि बरीच वायफाय कार्डंही ठेवतात. चावडीवर नोटीस लागते तसं. कुणीही यावं, वाचावं.

ताप महाग पडला ते साल

तापमानाचा एवढा आग्रह कशाला, असं कुणी विचारेल. त्यासाठी २००८ आठवा. त्या वर्षी जुलैमध्ये एनव्हिडिया कंपनीने स्वतः जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या तिच्या काही जुन्या ग्राफिक्स चिप अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होतायत. चिप आणि तिची बैठक जोडणाऱ्या साहित्यात दोष होता. गरम होणं, थंड होणं, पुन्हा गरम होणं, या फेऱ्यांत ते जोड तुटत होते. दुरुस्ती आणि बदलीसाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. नंतर अमेरिकेत एचपी, डेल, ॲपलच्या लॅपटॉप ग्राहकांनी दावा लावला आणि २०१० मध्ये तडजोड झाली. तिकडच्या ग्राहकाला निदान दावा लावता आला. आपल्याकडे असा लॅपटॉप काळा पडला की दुकानदार म्हणायचा, "मदरबोर्ड गेला." विषय संपला.

दोन कंपन्या, दोन वाटा

ग्राफिक्स कार्डांत दोन मोठी घराणी. एटीआय आणि एनव्हिडिया. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली आणि २००७ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं की कार्डांची तांत्रिक कागदपत्रं आम्ही खुली करू. लगेच सगळं गोड झालं नाही, वर्षं गेली. पण २०१५ मध्ये 'एएमडीजीपीयू' हा खुला ड्रायव्हर कर्नलमध्येच आला. आज एएमडीचं कार्ड असेल तर 'सेन्सर्स' लिहा, तापमान समोर. नव्या कार्डांवर तर तीन-तीन : चिपच्या कडेचं, सर्वांत तापलेल्या बिंदूचं आणि मेमरीचं.

एनव्हिडियाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, वेगवान दिला, पण बंद पेटीत. त्या पेटीतला ड्रायव्हर चावडीवर, म्हणजे एचडब्ल्यूमॉनमध्ये, आपला आकडा लावत नाही. त्यासाठी कंपनीचं वेगळं साधन आहे, 'एनव्हिडिया-एसएमआय'. तिथे तापमान मिळतं, अचूक मिळतं. म्हणून कंपनी तापमान लपवते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ती चावडीवर न लावता आपल्या कचेरीत लावते, एवढंच. ज्याला कचेरी माहीत नाही, तो म्हणतो सेन्सर गेला.

काही प्रोग्रामरांना हे पटलं नाही. त्यांनी एनव्हिडियाच्या कार्डाचं वागणं बाहेरून निरखून, आत काय चाललंय याचा उलटा माग काढत 'नूव्हो' नावाचा खुला ड्रायव्हर लिहिला. फ्रेंचमध्ये नूव्हो म्हणजे नवा. २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. तो मात्र बऱ्याच जुन्या कार्डांचं तापमान सरळ चावडीवर लावतो. पण २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीच्या सहीचं फर्मवेअर सक्तीचं झालं. सही नसेल तर कार्ड आपला वेग आणि पंखा कुणाच्या हाती देत नाही. नूव्होवाल्यांची वर्षांची मेहनत तिथे अडली.

लॅपटॉपवाल्यांची खास पंचाईत

२०१० च्या फेब्रुवारीतच एनव्हिडियाने 'ऑप्टिमस' आणलं. एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स. साध्या कामाला प्रोसेसरमधलंच, जड कामाला वेगळं कार्ड. काम नसेल तेव्हा मोठं कार्ड बंद, बॅटरी वाचली. कल्पना उत्तम. पण सोय विंडोजपुरती केली गेली. लिनक्सवाल्यांना २०११ मध्ये 'बंबलबी' नावाचा जुगाड स्वतःच करावा लागला.

२०१२ च्या जूनमध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टॉरव्हाल्ड्स यांची प्रकट मुलाखत होती. प्रेक्षकांतल्या एका बाईंनी नेमका ऑप्टिमसच्या लॅपटॉपचा प्रश्न विचारला. टॉरव्हाल्ड्स म्हणाले की हार्डवेअर कंपन्यांत आमचा सर्वांत वाईट अनुभव याच कंपनीचा. मग कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी मधलं बोट दाखवलं आणि इथे छापता येणार नाही असं एक वाक्य उच्चारलं. जगभर गाजलं ते बोट. पण त्याआधी ते जे बोलले ते जास्त महत्त्वाचं होतं. हीच कंपनी अँड्रॉइड फोनसाठी चिप विकू बघते, आणि अँड्रॉइड तर लिनक्सवरच उभं आहे.

पुण्यातलं तेच कार्ड

'लिनक्सला हे जमतच नाही' असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्यात सी-डॅककडे बघावं. १९८८ मध्ये ही संस्था पुण्यात सुरू झाली ती अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केल्यावर, आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. त्याच संस्थेचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या जगातल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्यात एनव्हिडियाचीच ए१०० कार्डं आहेत. आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या यादीतले पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात. तिथे प्रत्येक कार्डाच्या तापमानावर नजर असते. असावीच लागते, नाहीतर कोट्यवधींचं यंत्र भाजून निघेल. कंपनीचं ते साधन मुळात अशाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या गरजेतून वाढलंय.

म्हणजे अडचण लिनक्सची नव्हती. मोठ्या गिऱ्हाइकासाठी सगळं चोख आणि पिरंगुटच्या पोरासाठी 'बघ बाबा जमलं तर'.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला आणि २०२४ पासून नव्या कार्डांसाठी तोच मुख्य ठेवला. मोठं पाऊल आहे, मान्य करायला हवं. पण वरचा भाग अजून बंद आहे, आणि तापमान अजूनही चावडीवर नाही, कचेरीतच आहे.

मग आकडा शोधायचा कसा?

माझ्याकडेही असाच सेकंड हॅण्ड लॅपटॉप आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. निवडणुकीच्या दिवसांत व्हिडिओ कापताना तो एवढा तापला की मांडीवर ठेवता येईना, आणि यादीत सगळ्यांचं तापमान, ग्राफिक्सचं नाही. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"मामा, घाई करू नका. आधी कार्ड आहे का ते बघू."

"अरे आहे की, पेटीवर लिहिलंय."

"पेटीवर नाही, मशीनला विचारू."

त्याने ज्या क्रमाने तपासायला लावलं, तो क्रम इथे देतो. कमांड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

१. 'एलएसपीसीआय' ही कमांड यंत्रातल्या भागांची यादी देते. त्यात ग्राफिक्सच्या ओळी किती ते बघा. एकच आणि ती इंटेलची असेल, तर वेगळं कार्ड नाहीच. ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपमध्ये आहे, आणि बहुतेक वेळा प्रोसेसरच्या 'पॅकेज' ओळीतलं तापमान तेच तुमच्या ग्राफिक्सचं धरायचं. नसलेला थर्मामीटर शोधत बसू नका.

२. दोन ओळी असतील तर त्याच कमांडला 'के' हा पर्याय जोडा. प्रत्येक कार्ड कोणता ड्रायव्हर वापरतंय ते कळतं. एएमडीजीपीयू किंवा नूव्हो असेल तर आकडा 'सेन्सर्स'मध्ये शोधा. एनव्हिडियाचा स्वतःचा असेल तर 'एनव्हिडिया-एसएमआय'मध्ये. दोन्हीकडे धावायची गरज नाही.

३. ड्रायव्हरचं नावच येत नसेल, किंवा एसएमआय म्हणत असेल की ड्रायव्हरशी बोलणं होत नाही, तर दोन संशयित. पहिला, कर्नल अपडेट झाला आणि नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा तयार झाला नाही. दुसरा, सिक्युअर बूट. ते चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही, बाहेरच ठेवतो. सही नोंदवा, किंवा परिणाम समजून घेऊन सिक्युअर बूट बंद करा.

४. सगळं नीट आहे आणि तरी आकड्याच्या जागी 'एन/ए' येतंय? तर बहुधा कार्ड झोपलंय. काम नसलं की लॅपटॉप त्याची वीजच काढून घेतो. वीज नाही तर मोजणार कोण? एखादा खेळ किंवा व्हिडिओचं काम त्या कार्डावर सुरू करा, मग बघा.

५. उलटंही होतं. तापमान दाखवणारी खिडकी दर सेकंदाला कार्डाला उठवत राहिली तर ते झोपतच नाही, आणि बॅटरी उतरते. तापमान बघण्याच्या नादात ताप वाढवू नका.

६. पंख्याचा वेग दिसत नाही म्हणून घाबरू नका. लॅपटॉपचा पंखा बहुधा कार्डाच्या ताब्यात नसतो, तो लॅपटॉपच्या वेगळ्या कंट्रोलरच्या ताब्यात असतो. कार्डाला तो माहीतच नसतो.

माझं प्रकरण तिसऱ्या पायरीवर सुटलं. सही नोंदवली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आकडा आला. जड कामात ८० च्या वर. मग मागचं झाकण उघडलं तर आत धुळीची गोधडी. साफ केली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, तापमान खाली आलं. आकडा दिसला नसता तर एक दिवस कुणीतरी मलाही सांगितलं असतं, "मदरबोर्ड गेला."

सार्वजनिक पैशाचं काय?

एकट्याने तपासणं झालं. पण शाळा, ग्रामपंचायती, वाचनालयं संगणक घेतात, सीएसआरमधून मिळवतात. तिथे कोण बघतं की या यंत्राच्या आतलं मोजमाप आपल्याला वाचता येईल का? केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतायत. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचं धोरण आणलं. त्यात निविदा काढताना खुल्या पर्यायाचा विचार करा आणि तो वगळत असाल तर कारण द्या, असं स्पष्ट म्हटलंय. कागद आहे. तो टेबलावर ठेवून प्रश्न विचारणारा माणूस हवा.

माझं म्हणणं साधं आहे. सार्वजनिक पैशातून संगणक घेताना मागणीपत्रात तीन ओळी घाला. एक, यंत्राचे सगळे भाग लिनक्सवर खुल्या ड्रायव्हरने चालले पाहिजेत. दोन, प्रोसेसर, डिस्क, ग्राफिक्स यांचं तापमान नेहमीच्या 'सेन्सर्स' यादीत दिसलं पाहिजे. तीन, पुरवठादाराने ते हजर राहून चालवून दाखवायचं, मगच बिल मंजूर. यासाठी जादा पैसे लागत नाहीत. वेगळं ग्राफिक्स कार्ड तर शाळेला बहुतेक वेळा लागतही नाही. ते नसलेलं यंत्र घेतलं तर पैसेही वाचतात आणि हा अर्धा त्रासही.

आणि स्वतःच्या पोरासाठी सेकंड हॅण्ड लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन जा. दुकानातच त्यावरून सुरू करा, वरची पहिली आणि दुसरी पायरी करून बघा. दहा मिनिटं लागतात. दुकानदार तेवढंही करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

आपल्या गावच्या शाळेत किंवा पंचायतीत संगणक खरेदी होणार असेल तर मला कळवा. मागणीपत्राचा मसुदा मराठीत करून देतो.